मुलगी मॉनिटर झाली आणि सकाळी पोटात दुखायला लागलं

आठवी गल्ली | १२ जुलै, रात्री १०:४०

बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लेक तिसरीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी तिला मॉनिटर केलं. घरात काय तो आनंद! सासूबाईंनी गल्लीत चार घरी पेढे दिले. लाल बिल्ला, त्यावर पिवळ्या अक्षरांत 'वर्गप्रमुख'. पहिल्या रात्री तो झोपायच्या फ्रॉकलाही लावून झोपली होती. पिन टोचेल म्हणून मी झोपेत काढून घेतला.

पंधरा दिवस बरे गेले. मग सकाळी पोटात दुखायला लागलं. उठते, दूध पिते, खेळते, आणि वेणी घालायला बसवली की पोट धरते. रविवारी दुखत नाही. डॉक्टरांना दाखवलं, जंताचं औषध झालं, लघवी तपासून झाली, सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, शाळेत काही आहे का बघा.

गेल्या शुक्रवारी पेन्सिलला टोक करायला तिची कंपासपेटी उघडली. आत अकरा खोडरबर! एक स्ट्रॉबेरीच्या वासाचं, एक अर्धं चावलेलं, एकावर दुसऱ्याच मुलाचं नाव बॉलपेननं लिहिलेलं. मला वाटलं, चोरी. आवाज चढवून विचारलं, तर हुंदके देऊन रडायला लागली.

प्रकरण असं निघालं. बाई ऑफिसात गेल्या की हिनं फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायची. परत बोललं की नावापुढं फुली. तीन फुल्या झाल्या की मधल्या सुट्टीत खेळायला जायचं नाही, वर्गात बसायचं. मग पोरं नाव पुसून घेण्यासाठी हिला खोडरबर देतात (खोडरबर देऊन फळा पुसून घेणं, बघा तरी डोकं!). नाव पुसलं नाही तर डबा खायला कुणी शेजारी बसत नाही. पुसलं तर ज्यानं काही दिलं नाही तो बाईंना सांगतो. आणि जी बालवाडीपासूनची जिवलग, तिचं नाव हिनं एकदा प्रामाणिकपणे लिहिलं, तेव्हापासून ती हिच्याशी बोलत नाही.

नवरा म्हणतो, असंच पोरं तयार होतात, बाहेर जगातही हेच आहे. मला काही सुचत नाही. बाईंना जाऊन 'तिला काढा' म्हणू? ते तिला कसं वाटेल? कुणाच्या घरी असं झालंय का?

---

पेठेतला | १२ जुलै, रात्री ११:०५

वहिनी, राग मानू नका, पण अकरा खोडरबर म्हंजे पोरगी लई भारी हाय. पुढं जाऊन नगरसेवक होणार.

बाकी मनावर घेऊ नका. आमी बी मॉनिटर होतो. तवा गुरुजी वर्गात नसले की छडी आमच्या हातात असायची. मार दिला, मार खाल्ला. काय झालं? आता सगळे एकाच मंडळात हाय.

---

पुण्यात अडकलेला | १२ जुलै, रात्री ११:३१

पेठेतला, तुमचं काही झालं नाही, आनंद आहे. माझं झालं.

चौथीत मी मॉनिटर होतो, याच शहरात, कोल्हापुरात. शाळेचं नाव घेत नाही. शाळा सुटल्यावर गंगावेशीच्या कोपऱ्यावर तीन पोरं थांबायची. कारण मी दिवसभर नावं लिहायचो आणि गुरुजी त्यांना ओणवं उभं करायचे. महिनाभर मी आडवाटेनं लांबून घरी गेलो. घरात सांगितलं नाही, कारण आमच्या आबांना कोण अभिमान, 'पोरगा वर्गाचा प्रमुख आहे' म्हणून.

आज माझ्या हाताखाली बावीस माणसं काम करतात. कुणाची चूक झाली की ती सगळ्यांसमोर काढायची सवय मला फार उशिरा मोडता आली. ती कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक आहे.

---

तिखट शेव | १३ जुलै, सकाळी ८:१२

यात विचारायचं काय आहे? शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. मधली सुट्टी बंद करणं ही शिक्षाच आहे, आणि ती एका आठ वर्षांच्या पोरीच्या हातून द्यायला लावलीय. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एका पोचेत सगळे सरळ होतात.

---

आठवी गल्ली | १३ जुलै, सकाळी ९:५०

तिखट शेव, तक्रार करण्यासारख्या बाई नाहीत हो त्या. पहिलीत हिला शाळेत उलटी झाली होती, तर स्वतःच्या ओढणीनं तोंड पुसलं होतं त्यांनी. म्हणून तर अवघड झालंय.

---

फुलेवाडीकर | १३ जुलै, दुपारी १:२०

मी पलीकडच्या बाजूचा बाप. माझा चिरंजीव कायम फळ्यावर असतो.

दुसरीपासून त्याचं नाव 'बोलणाऱ्यांची नावे' या मथळ्याच्या खाली पहिलं. बोलतो तो, नाही म्हणत नाही. झोपेतही बोलतो. पण गेल्या वर्षी त्याला ताप होता, दोन दिवस घरी होता. तिसऱ्या दिवशी सोडायला गेलो तर फळ्यावर आदल्या दिवशीची यादी तशीच. पहिलं नाव याचं, पुढं तीन फुल्या. घरात अंथरुणावर पडलेलं पोर शाळेत बोलताना सापडलं होतं!

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "पप्पा, मी गेलो नाही तरी लिहितात, मग जाऊन बोललं तर काय बिघडलं?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

---

खडूची भुकटी | १३ जुलै, रात्री ९:४५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, हातकणंगले तालुक्यात. आमच्या बाजूनंही थोडं ऐका.

पहिली ते चौथी, चार वर्ग, शिक्षक दोन. साठ मुलांपर्यंत कायद्यानं दोनच मिळतात. त्यात एक जण माहिती भरायला, बैठकीला, मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेला एक माणूस चार वर्ग बघतो. तेव्हा दुसऱ्या खोलीत शांतता राहावी म्हणून आपण एका हुशार पोराच्या हातात खडू देतो. नाव 'नेतृत्वगुण', खरं तर आपली अडचण. हे मी स्वतःबद्दलच बोलतेय.

आमच्याकडे आता मॉनिटर नाही, शालेय मंत्रिमंडळ आहे. ते बऱ्याच शाळांत असतं. जूनअखेर निवडणूक. अर्ज, चिन्हं (पतंग, छत्री, शिट्टी), प्रचाराला एक दिवस. मोबाईलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप असतं, बटण दाबलं की 'टूंऽऽ' वाजतं. बोटाला मार्करची शाई. मग शपथविधी. दिसायला फार गोड, फोटोही छान येतात. पण फोटोच्या पलीकडे दोन वेळा आमचा पाय घसरला, ते सांगते.

पहिला प्रकार नखांचा. आरोग्यमंत्र्यानं दर सोमवारी परिपाठाला सगळ्यांची नखं बघायची, घाणेरडी असतील त्याला पुढं उभं करायचं. आमच्या गावातली बरीच घरं हुपरीच्या चांदीच्या धंद्यावर आहेत. घरात बायका-माणसं पैंजणांचं काम करतात, लहान पोरंही हाताशी बसतात. त्या कामाचं काळं बोटांत बसतं, साबणानं जात नाही. चौथीतला एक मुलगा चार सोमवार पुढं उभा राहिला. पाचव्या सोमवारी शाळेतच आला नाही. घरी गेले, तर अंगणात बसून दगडानं बोटं घासत होता. बोटाच्या पेराचं साल निघालं होतं.

त्या दिवशी ती तपासणी बंद केली. आता खिडकीत एक नेलकटर दोरीला बांधलेला आहे आणि नळापाशी साबण. आरोग्यमंत्र्याचं काम एवढंच, साबण संपला की मला सांगायचं. दोन-दोन तासांनी पाणी प्यायची घंटाही तोच देतो. घंटेसाठी भांडणं होतात, नखांसाठी होत नाहीत.

दुसरा प्रकार उद्या लिहिते, वह्या तपासायच्या आहेत.

---

मनमोकळं | १३ जुलै, रात्री १०:३०

नखांची गोष्ट वाचून थांबले जरा.

मी शाळकरी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. आठवी गल्ली, तुम्ही आधी डॉक्टरांकडे गेलात हे फार बरं केलंत. पोटदुखी 'नाटक' नाही एवढं घरातल्यांना सांगा. मन ताणाखाली असलं की पोट खरंच दुखतं, मुलांना तर जास्तच, कारण 'मला दडपण आलंय' हे वाक्य त्यांच्याकडे नसतं. 'पोट' हा शब्द असतो.

दोन गोष्टी करून बघा. 'शाळेत काय झालं' असं विचारू नका, उत्तर 'काही नाही' असंच येतं. 'आज डबा कुणाशेजारी खाल्लास?' असं विचारा. आणि खोडरबरांबद्दल रागवून झालं असेल तर ते एकदा मागे घ्या. तिनं लाच मागितलेली नाही, तिच्यासमोर आणून ठेवली गेली. आठ-नऊ वर्षांचं मूल न्याय-अन्यायाबद्दल फार कडक असतं. त्याच वयात त्याला न्यायाधीश आणि जेलर दोन्ही करायचं आणि वर मैत्रीही टिकव म्हणायचं, हे ओझं जड आहे.

दुखणं वाढलं, झोप-जेवण बिघडलं, शाळेला जायचंच नाही म्हणाली तर मात्र वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ क्रमांक सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, पालकांनीही फोन करायला हरकत नाही.

---

पेठेतला | १४ जुलै, सकाळी ७:५५

रात्री नखांचं वाचलं. पहिलं लिहिलेलं मागं घेतो असं न्हाई, पण जरा आखडतं घेतो.

मी तालमीच्या बारक्या पोरांना फुटबॉल शिकवतो, पहाटे. आमच्यात एक गोष्ट हाय, ती इथं लागू पडंल का बघा. दहा वर्षांखालच्या पोरांत कॅप्टनचा पट्टा दर सामन्याला दुसऱ्याच्या दंडावर. आधी न्हवतं असं. आधी जो गोल मारतो तोच कॅप्टन. तर काय व्हायचं, ते पोरगं दुसऱ्यांस्नी शिव्या घालायचं, आणि गोलकीपर तर पार कोपऱ्यात. गोलकीपरला कोण कॅप्टन करतंय?

एकदा गोलकीपरला पट्टा दिला. पोरगं वर्षभर तोंडातनं शब्द काढत न्हवतं. त्या दिवशी मागनं वरडत हुतं, "डावीकडं! डावीकडं माणूस सुटलाय!" खरं सांगू, मैदान सगळ्यात चांगलं गोलकीपरलाच दिसतं, कारण सगळे त्याच्या पुढं असत्यात. हे मला वीस वर्षं खेळून कळलं न्हवतं.

तरी एक शंका राहतीच. सगळ्यांस्नी आळीपाळीनं दिलं तर ज्याच्यात खरंच दम हाय त्यानं काय करायचं?

---

पुण्यात अडकलेला | १४ जुलै, सकाळी ९:१८

पेठेतला, तुमची शंका रास्त आहे. पण आठव्या वर्षी 'दम' म्हणजे बहुधा ज्याचा आवाज मोठा, अक्षर चांगलं, बाईंच्या ओळखीचे आई-बाप. माझ्यात तेव्हा यातलं एकच होतं, अक्षर.

---

खडूची भुकटी | १४ जुलै, रात्री ९:१०

दुसरा प्रकार.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या जास्त. काही पोरं आमच्या शाळेत येतात, मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की जातात. एक मुलगी नोव्हेंबरात आली, चौथीत. दुसऱ्याच दिवशी परिपाठाला सगळे मंत्री रांगेत उभे राहिले, तर ही माझ्याजवळ येऊन म्हणते, "बाई, मला कोणतं खातं?"

मी म्हटलं, निवडणूक जूनमध्ये झाली बाळा. ती म्हणाली, "जूनात आमी गावाकडं असताव. तिथल्या शाळेत निवडणूक दिवाळीनंतर व्हती."

म्हणजे दोन्हीकडे हिला खातं नाही. कधीच नाही. हे माझ्या डोक्यात त्याआधी एकदाही आलं नव्हतं, आणि मी लोकशाहीचा पाठ दरवर्षी शिकवते.

तेव्हापासून खाती महिन्याची केली. निवडणूक फक्त मुख्यमंत्र्याची, तीही वर्षातून दोनदा. बाकी सगळं चिठ्ठ्यांवर. त्या मुलीला पोषण आहार आला. तांदूळ शिजला की पहिला घास शिक्षकानं किंवा पालकानं चाखून चव रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. ती माझ्या शेजारी उभी राहून विचारायची, "मीठ बरोबर हाय का? मग लिवा." एवढी चोख नोंद आमच्या रजिस्टरला कधी नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की पहिलीतली दोन पोरं हरभऱ्याची उसळ ताटाखाली टाकतात, कारण ती त्यांना चावत नाही, दात पडलेत. मी चार वर्षं तिथं आहे, मला दिसलं नव्हतं. स्वयंपाकीणताई आता पहिलीची उसळ जास्त शिजवतात.

पेठेतला, तुमच्या गोलकीपरसारखंच. तिला खालून दिसत होतं.

---

तिखट शेव | १४ जुलै, रात्री ९:४०

'मग लिवा.' वा!

शाळा व्यवस्थापन समितीतही दोन विद्यार्थी घ्यायचे असतात आपल्याकडे, त्यात एक मुलगी. किती शाळांत ती पोरं सभेत तोंड उघडतात? आमच्याकडे त्यांना चहा वाटायला लावतात. मी पालक सदस्य होतो, डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा मीही काही बोललो नाही, चहा घेतला.

---

धूळपाटी | १५ जुलै, पहाटे ५:४०

निवृत्त मुख्याध्यापक. झोप कमी झाली आहे, म्हणून ही वेळ.

या 'मॉनिटर'ची जरा कुळकथा सांगतो. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या देशी शाळेत त्यानं पाहिलं की मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतात आणि मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर हेच चालायचं. बेलनं ती रीत उचलली, १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली, आणि विलायतेत तिला 'मद्रास पद्धत' असंच नाव पडलं. म्हणजे मुळातला मॉनिटर शिकवणारा होता.

पुढं त्याच काळात जोसेफ लँकेस्टरनं अशाच मोठमोठ्या शाळा काढल्या. एका मास्तराच्या हाताखाली शेकडो पोरं, मध्ये मॉनिटर. त्याचा छडीला विरोध होता, हे चांगलं. पण छडीऐवजी काय? खोडकर पोराला टोपलीत घालून छताला टांगायचं, खाली बाकीच्यांनी हसायचं. मार गेला, लाज आली. फळ्यावरच्या तीन फुल्या मला त्याच टोपलीच्या वंशातल्या वाटतात.

मी छत्तीस वर्षांत ही टोपली किती वेळा टांगली असेल, त्याचा हिशोब नाही. माझ्या वर्गातला एक मॉनिटर फार कडक होता, मला त्याचं कौतुक वाटे. परवा भवानी मंडपात भेटला, पन्नाशीचा गृहस्थ. पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, वर्गातल्या मुलांच्या मोबाईल ग्रुपवर मला अजून कुणी घेतलेलं नाही." हसत म्हणाला. मी हसू शकलो नाही.

आणखी एक. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड कुणाला होता? पालकांना. महिना एक रुपया. त्या काळात तो किरकोळ नव्हता. पोराच्या वागण्याचा जाब मोठ्यांना विचारला जाई. आपण आता तो तिसरीतल्या मुलीला विचारतो आहोत.

---

फुलेवाडीकर | १५ जुलै, सकाळी १०:०२

गुरुजी, त्या गृहस्थांना सांगा, आमच्या बॅचच्या ग्रुपवर या. आमच्यात सगळे फळ्यावरचे आहेत.

---

चिखलीची सून | १५ जुलै, दुपारी ३:३०

विषय जरा बाजूला जाईल, पण लिहिते.

आम्ही प्रयाग चिखलीचे. २०१९ च्या महापुरात जनावरं, पोरं, म्हातारी माणसं घेऊन बाहेर पडलो. एका शाळेच्या खोलीत अकरा कुटुंबं होतो. माझा थोरला तेव्हा दुसरीत. २०२१ ला परत तेच. त्यानंतर त्याला पाऊस सुरू झाला की झोप लागायची नाही. रात्री उठून विचारायचा, "आई, पाणी कुठवर आलं?" आमच्याकडची तिसरी-चौथीची पोरंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा पाढ्यासारखा सांगतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. बे एके बे म्हणावं तसं.

त्याच्या सरांनी काय केलं, तर वर्गातल्या भित्र्या पोरांचाच एक गट केला. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून, उलटं बसवून पर्जन्यमापक बनवला, बाहेरून पट्टी चिकटवली. रोज दहा वाजता मिलिमीटर मोजायचे, फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, आणि शेजारी बंधाऱ्याची पातळी. सर म्हणायचे, "घाबरा, पण मोजून घाबरा."

पोरगं बदललं असं मी म्हणणार नाही. पावसाची भीती त्याला आहेच, मलाही आहे. पण रात्री उठून मला विचारायचा ते थांबलं. उठायचा, खिडकीतनं अंगणातल्या बाटलीवर बॅटरी मारायचा (घरी पण एक बसवली होती), आणि परत झोपायचा. आणि शाळेत धाकटी पोरं त्याला विचारायला यायची, "दादा, आज किती?" दुसऱ्या कुणी आपल्याला विचारावं, याची त्याला फार चव लागली.

फळ्याचा तो कोपरा मला नावांच्या यादीपेक्षा बरा वाटतो.

---

मनमोकळं | १५ जुलै, दुपारी ४:१५

'मोजून घाबरा' मी उचलते आहे, सरांना सांगा.

---

आठवी गल्ली | १९ जुलै, रात्री १०:१५

काल बाईंना भेटून आले. हा सगळा धागा वाचूनच गेले होते, त्यामुळं भांडायला नाही गेले.

बाईंना खोडरबरांचं काहीच माहीत नव्हतं. मी पिशवी काढून टेबलावर ओतली तर दोन मिनिटं बघतच राहिल्या. मग हसल्या, मग डोळे भरले. वर्गात बावन्न मुलं आहेत. म्हणाल्या, "तुमची मुलगी शांत आहे, कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिला केलं. शांत मुलीला त्रास होईल हे सुचलं नाही."

मी खडूच्या भुकटीबाईंचं चिठ्ठ्यांचं सांगितलं. बावन्न मुलांना कामं कुठून आणायची, हा त्यांचा पहिला प्रश्न. तिथंच बसून दोघींनी यादी केली. फळा पुसणं, पाण्याची घंटा, झाडं, पंखे-दिवे बंद करणं, वाचनपेटीतली पुस्तकं मोजणं, नवीन मुलाला स्वच्छतागृह दाखवणं, गैरहजर मुलाच्या वहीत गृहपाठ लिहून ठेवणं, मधल्या सुट्टीत एकटं कोण बसलंय ते बघून त्याला खेळायला बोलावणं. सतरा झाली. म्हणजे तीन आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांची पाळी येते.

आणि फळ्यावरची नावं? बाई म्हणाल्या, "दोन आठवडे बंद करून बघते. गोंधळ झाला तर शेजारच्या वर्गाचे सर माझ्यावर चिडतील, तुमच्यावर नाही." त्यात खोटं काही नाही.

---

तिखट शेव | १९ जुलै, रात्री १०:३३

पोच घेतली का? (गंमत केली.)

---

आठवी गल्ली | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते.

दोन आठवडे झाले. पहिले तीन दिवस वर्गात बाजार भरला होता म्हणे. शेजारचे सर खरंच चिडले. मग बाईंनी बाहेर जाताना एका गटाला गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावलं, त्यानं थोडं निभावलं. अजूनही गोंधळ होतो.

बिल्ला गेल्यावर लेक दोन दिवस रुसून होती. 'माझं काय चुकलं?' म्हणून रडली. हे मला अपेक्षित नव्हतं. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की काढून घेतला नाही, आता बिल्ला कामाचा आहे, ज्याचं काम त्याच्याकडे. तिला पटलं की नाही कोण जाणे. सासूबाईंना तर अजिबात पटलेलं नाही, पेढे वाटून झालेत ना. पहिल्या आठवड्यात झाडांना पाणी आलं, तेही तिला आवडलं नाही, कारण पावसात झाडांना कसलं पाणी घालायचं! बरोबर आहे तिचं. ते काम आता दिवाळीनंतर.

पोटदुखी? गेल्या आठवड्यात एकदाच. त्या दिवशी गणिताची चाचणी होती, तेव्हा ती कुणाच्या खात्यात टाकायची ते मनमोकळं यांनी सांगावं.

जिवलग मैत्रीण अजून फारशी बोलत नाही. डबा मात्र दोघी एकाच बाकावर खातात. फुलेवाडीकर, तुमच्या चिरंजीवासारखा एक हिच्याही वर्गात आहे. त्याला घंटा आली. पाण्याची घंटा तो दहा मिनिटं आधीच देतो.

---

फुलेवाडीकर | ३ ऑगस्ट, रात्री ९:३५

दहा मिनिटं आधी! त्याला माझा नमस्कार सांगा.

---

पेठेतला | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

वहिनी, खोडरबरांचं काय झालं ते ऱ्हायलंच की.

---

आठवी गल्ली | ३ ऑगस्ट, रात्री १०:०८

ती स्वतः एकेकाला परत देऊन आली, मला येऊ दिलं नाही. नऊ परत गेले. स्ट्रॉबेरीच्या वासाचं कुणीच आपलं म्हणत नाही. आणि अर्धं चावलेलं तिचं स्वतःचंच होतं.